साफ केलेली वाडी

खाली चाळीच्या पटांगणात पेट्रोलची करवत एकदा खोकली, बंद पडली, पुन्हा खोकली, आणि मग अशी काही किंचाळत सुटली की तिसऱ्या मजल्यावर नवऱ्याच्या डब्यासाठी भाकरी थापत असलेल्या कमलचा हात परातीतच थांबला… तव्यावरची भाकरी फुगली, बसली, करपायला लागली, तरी तिला हलवेना.

“वैनी, अगं तवा बघ,” म्हणत धाकटी जाऊ प्रिती आतून आली आणि तिनेच उलथन्याने भाकरी काढली. “काय झालं? चक्कर येतेय का?”

“नाही गं. तो आवाज कसला?”

“कसला म्हणजे? तुझ्या दिरांच्या करवती. तपासतायत. पोरांची न्याहारी उरकली की टेम्पो निघायचा ना गावाला.”

गावाला जायचं ठरतंय हे कमलने काल ऐकलं होतं, पण आजच्या आज? तो आवाज तिने याआधी एकदाच ऐकला होता, काही वर्षांपूर्वी, मागच्या वादळानंतर, सबंध दिवसभर, आणि त्या दिवसाची शिक्षा ती अजून भोगत होती. कोणी ठोठावली होती ती शिक्षा? कोणी नाही. तिची तिनेच.

परवा पुन्हा वादळ झालं होतं. मे महिना संपता संपता समुद्रावरून आलं आणि त्यांच्या गावावरून, कोंडसावरवरून, नांगर फिरवून गेलं. शेजारच्या जाईबाईंचा तेवढा एक फोन लागला होता. “कमल, तुमच्या पोफळी सगळ्या आडव्या गो…” एवढंच ऐकू आलं आणि लाइन गेली. मग टॉवरच पडला म्हणे. त्यानंतर गावातल्या कुणाचाच फोन लागत नव्हता. आणि ज्याची ती वाडी, तो तिचा नवरा दगडू परळच्या हॉस्पिटलात जुन्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन होऊन पडला होता, त्याला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. “दादाला आडवी वाडी दिसता कामा नये,” असं दिराने, जयवंताने, काल सगळ्यांना बजावलं होतं. “तो घरी जाईल तेव्हा मागच्या वेळेसारखी एकदम क्लीन पायजे. अंगणात खुर्ची टाकून चहा प्यायला पायजे माझा दादा.”

मागच्या वेळेसारखी… हे शब्द त्याने किती प्रेमाने उच्चारले होते, आणि ते कमलच्या काळजात कसे रुतले होते!

जयवंत लालबागमधला मंडपवाला. गणपतीचे मंडप, लग्नाचे मंडप, दहाव्या-बाराव्याच्या ताडपत्र्या, सगळं त्याच्याकडे. दोर, शिड्या, करवती आणि उंचावर चढून काम करणारी पोरं ही त्याची इस्टेट. माणूस मनाने मोठा, अंगाने मोठा आणि रुसायला लहान पोरासारखा. रुसण्याचा हा गुण त्याच्यात कसा राहिला ते कमलएवढं कुणाला माहीत नव्हतं, कारण सासूबाई गेल्या तेव्हा तो शाळेत जात होता, आणि नव्या नवरीच्या हिरव्या चुड्यासकट त्याची चड्डी-सदरा धुणारी, त्याला मांडीवर घेऊन ताप उतरवणारी तीच होती. तिला दीर नव्हताच तो कधी. पोरच होतं.

आणि त्याच पोराला ती एकदा चारचौघांत टोचून बोलली होती.

एका गणपतीतली गोष्ट. मुंबईची मंडळी नेहमीप्रमाणे गावी आली होती, आरत्या झाल्या होत्या, पानाचं तबक फिरत होतं. जयवंत कुणाला तरी मोठ्या तोऱ्यात सांगत होता, “आमची वाडी, आमच्या पोफळी…” कमल पहाटेपासून चुलीपुढे होती, कंबर मोडली होती, आणि जिभेवरचा ताबा सुटला. “तुमची म्हणता भावोजी, पण कधी एक झाप तरी उचललात काय? खायच्या वेळी तुमची, शिंपायच्या वेळी आमची.” सगळी पडवी हसली. जयवंतही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्यानंतर तो गणपतीला यायचाच बंद झाला. सीझनचं काम असतं, मंडप असतात, अशी कारणं. ती कारणं खोटी नव्हती, पण त्याआधीही मंडप असतच की.

मग ते मागचं वादळ आलं. कौलं धरायला वर चढलेला दगडू खाली आला तो खुबा मोडूनच. शेजाऱ्यांनी झोळी करून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. कमल एकटी घरी राहिली, कारण गोठ्यात गाय व्यायला झालेली. पुढे समुद्रापर्यंत नुसत्या आडव्या पोफळी… दगडूच्या बापाने लावलेल्या, दगडूने शिंपलेल्या. दुपारी पोलीस पाटील दारादारांतून सांगत गेला, “सरकारची मदत येतेय, झाडामागे पैसे मिळतील, पण तलाठी येऊन पंचनामा करीपर्यंत पडलेल्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. जसं पडलंय तसं दिसलं पायजे.” कमलने ते नीट ऐकलं. मान हलवून बरं म्हणाली.

आणि त्याच संध्याकाळी जयवंताचा टेम्पो दारात उभा राहिला.

काही न कळवता आला होता तो. बरोबर पोरं, करवती, दोर. उतरला तो सरळ वाडीत शिरला, एका पोफळीचा तुटका झाप खांद्यावर टाकला, तिच्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “वैनी, बघ. उचलला की नाय झाप?” डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू, आणि तीच ती लहानपणची रुसवा सोडल्याची ऐट!

तेव्हा एक शब्द बोलायचा होता. थांबा, एवढाच. तो तिच्या जिभेपर्यंत आला होता, आणि तिने तो गिळला. किती कारणं तिने नंतर स्वतःला सांगितली… पुन्हा रुसला असता, पुन्हा तुटला असता. तलाठी काय परका आहे, शेजाऱ्यांना विचारून लिहून घेईल. सगळी खरी होती, पण त्यांच्या तळाशी आणखी एक होतं, ते तिने देवापुढेसुद्धा कधी उच्चारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो घामाघूम होऊन झाडं ओढत होता, तळहात सोलले होते, आणि पडवीत चहाची पातेली उतरवताना तिला… बरं वाटत होतं. आपण बोललो ते त्याला लागलं, म्हणून तर आला, असं वाटून सुख होत होतं. त्या सुखापायी ती गप्प बसली होती.

काम जयवंताचं. अर्धंमुर्धं त्याला ठाऊकच नव्हतं. पोफळी तोडून थांबला नाही, त्यांचे मांडवाच्या खांबांसारखे एका मापाचे तुकडे केले, सोलून गुळगुळीत केले, एकावर एक रचले. बुंधे मुळासकट उपटून समुद्रावर नेऊन टाकले. खड्डे बुजवले, वर माती चोपली, पाणी मारलं. संध्याकाळी वाडी अशी दिसत होती की उद्या तिथे लग्न लागायचं आहे.

तलाठी आला तेव्हा जयवंत मुंबईला पोचलाही होता. तलाठ्याबरोबर कृषी खात्याची एक बाई होती. दोघंही भले होते बिचारे. “झाडं कुठायत, ताई?” तोडली. “बुंधे?” काढले. “निदान खड्डे?” कमलने चोपलेल्या मातीकडे बोट दाखवलं. तलाठ्याने त्या रचलेल्या खांबांवरून हात फिरवला आणि हताश होऊन म्हणाला, “हे खांब झाले हो. कुठून आले, कधी पडले, मी काय म्हणून लिहू? शेजारचे सांगतील, पण वरचे माझं ऐकणार नाहीत.” ती बाई जाताना दोनदा मागे वळून बघत गेली.

सगळ्या कोंडसावरात मदत आली. दगडूच्या घरी आली नाही.

काठी टेकत दगडू घरी आला, वाडीच्या कडेला उभा राहिला, आणि त्याने एकच विचारलं, “कोणी सांगितलं तोडायला?”

जयवंताचं नाव घेतलं असतं तर? दगडूने त्याच पावली मुंबईला फोन लावला असता. बापाची वाडी होती ती. दगडूचा राग मुका असतो, तो एकदा बसला की बसला. जयवंत तर ते ऐकूनच मोडून पडला असता. दोन भाऊ कायमचे दुरावले असते… आणि कोणाच्या टोमण्यापायी? कमल पदर सावरत म्हणाली, “मी. भावोजी नको म्हणत होते. मीच हट्ट केला.”

दगडूने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “बरं.”

जयवंताला ती फोनवर म्हणाली, “आले हो पैसे. सगळे आले.” झालं. दोन्हीकडची तोंडं तिने बंद केली आणि आपण मध्ये उभी राहिली.

दगडू तिला कधी वेडंवाकडं बोलला नाही. जेवला, तिची औषधं आणली, यात्रेला साडी घेतली. पण एक गोष्ट संपली. पूर्वी तो उठता बसता तिला विचारायचा, “कमल, तुला काय वाटतं?” रोप इथे लावू की तिथे, सुपारी आता काढू की थांबू, गाय ठेवू की विकू… तिचं ऐकायचा असं नाही, पण विचारायचा. त्या दिवसानंतर त्याने ते कधीच विचारलं नाही. लंगडत लंगडत त्याने नवी रोपं लावली, कुठली कुठे ते त्याचं त्याने ठरवलं, आणि ती दुरून बघत राहिली. आपल्याच घरात पाहुणीसारखी जगली ती बाई, आणि बाहेर कुणाला पत्ता लागू दिला नाही.

इकडे मुंबईत ग्रामस्थ मंडळाने परळच्या एका हॉलात जयवंताचा सत्कार केला होता. शाल, नारळ, भाषणं. ‘एका दिवसात वाडी स्वच्छ करून दाखवणारे आपले बंधू.’ त्याचा फोटो आजही या खोलीच्या भिंतीवर होता, आणि त्या फोटोत पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणारी बाई कमलच होती.

“वैनी, डबा भरला का?” प्रितीने विचारलं. “आणि खाली बोलावतायत तुला. कुंकू लावायला.”

“कशाला कुंकू?”

“करवतींना गं. निघायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात ना. वैनीच्याच हातून लावायचं, म्हणून हटून बसलेत.”

प्रितीने ताम्हण हातात दिलं. कमल जिना उतरू लागली. दगडूने लावलेल्या त्या पोफळींना यंदा पहिल्यांदा सुपारी धरली होती. ऑपरेशनला निघताना दगडू काठी टेकत एकेका झाडाला हात लावून आला होता. आता त्या पडल्या होत्या. पडल्या तर पडल्या, पण निदान कुणी तरी येऊन लिहील, एवढ्या होत्या, एवढ्या गेल्या… तेवढं तरी त्या माणसाच्या कष्टांचं नाव राहील. आणि उद्या संध्याकाळपर्यंत जयवंत त्यांचे खांब करून रचून ठेवणार होता. दुसऱ्यांदा. प्रेमाने.

बोलले तर हे पोर मोडेल. नाही बोलले तर तो माणूस मोडेल. देवा, माझ्याच पदरात का टाकलंस हे… असं म्हणता म्हणता तिलाच उत्तर सुचलं. पदर तिनेच पसरला होता.

पटांगणात मंडळाचे लोक जमले होते. घोडपदेवचे आले होते, परळचे आले होते. टेम्पोच्या पुढे पाटावर करवती मांडल्या होत्या, नव्या, पुसून चकचकीत केलेल्या. जयवंताने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“आली बघा,” तो सगळ्यांना म्हणाला. “मागच्या वेळी हीच उभी होती हो माझ्या पाठीशी. पोरांना चहा काय, भात काय… लाव वैनी.”

कमलने कुंकवात बोट बुडवलं. ते करवतीच्या पात्यावर नेलं, आणि कुंकू न लावताच मागे घेतलं.

“भावोजी,” ती म्हणाली, “पंचनामा होईपर्यंत झाडांना हात नाही लावला तर?”

“होईल गं पंचनामा. तू टेन्शन घेऊ नको. मागच्या वेळी तोडून रचून ठेवलं तरी पैसे आले ना? उलट साफ वाडी बघून साहेब खूश झाले असतील.” लोक हसले. “चल, लाव. ऊन वर आलंय.”

“नाही आले.”

“काय नाही आलं?”

“पैसे. मागच्या वेळी नाही आले, भावोजी. एकही झाड लिहिलं गेलं नाही. बघायला काही उरलंच नव्हतं.”

जयवंत अजून हसतच होता, कारण ऐकलेलं त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं. मग ते पोचलं. “तू मला फोनवर सांगितलंस.”

“खोटं सांगितलं.”

“सगळ्या गावाला आले…”

“सगळ्या गावाला आले. आपल्याला नाही. पोलीस पाटील सांगून गेला होता, झाडाला हात लावू नका म्हणून. मला माहीत होतं. तुम्ही आलात तेव्हा मला माहीत होतं, जयवंता, आणि मी बोलले नाही.” तिला आपण त्याला नावाने हाक मारली हेही कळलं नाही.

प्रिती जिन्याच्या पायरीशी उभी होती. ती पुढे आली. “आणि आम्ही शाल पांघरून फोटो काढले, वैनी? तू पुढे बसून टाळ्या वाजवल्यास?”

“वाजवल्या.”

“एवढी वर्षं लोकांसमोर आमचं…” तिने तोंड फिरवलं.

जयवंताने हात वर करून तिला थांबवलं. “दादाला काय सांगितलंस?”

“मीच तोडायला लावली म्हणून. तुम्ही नको म्हणत होता म्हणून.”

तो मटकन टेम्पोच्या फाळक्यावर बसला. एवढा उंचापुरा माणूस, पण क्षणात असा लहान दिसायला लागला की कमलला वाटलं, आता याला पुन्हा मांडीवर घ्यावं. आपल्या तळहातांकडे बघत तो म्हणाला, “मी बुंधेसुद्धा काढले गं. पोरं म्हणत होती, शेठ राहू दे, उशीर होतोय. मी म्हटलं, नाय, वैनीला वाटलं पायजे याला काम म्हणतात. खड्डे मी स्वतः बुजवले… पाणी मारलं…” आणि मग त्याला हुंदका आवरेना. “एक थोबाडीत द्यायची होतीस त्या दिवशी. परत रुसलो असतो, काय झालं असतं? आलो असतो की परत!”

“मला भीती वाटली, नाही येणार.” कमलचा बांध फुटला. “आणि नुसती भीती नव्हती. तुम्ही राबत होता, हात सोलले होते, आणि मला बरं वाटत होतं. माझ्या शब्दाला मान दिलात म्हणून बरं वाटत होतं. त्या गणपतीत मी बोलले नसते तर तुम्ही आलाच नसता करवती घेऊन. वाडी मी घालवली, भावोजी. तुमच्या हातून घालवली.”

मंडळाचे अध्यक्ष चष्मा काढून पुसत बसले. मग जयवंत उठला, बाहीने डोळे पुसले, आणि पाटावरच्या करवती एकेक करून त्याने स्वतः उचलल्या आणि पटांगणातल्या आपल्या मंडपाच्या गोडाऊनमध्ये नेऊन ठेवल्या.

“विनीत,” त्याने आपल्या मुकादमाला हाक मारली, “दोर, शिड्या, ताडपत्र्या घेऊन तुम्ही निघा. लोकांची घरं शाकारा, कौलं लावा, जे सांगतील ते करा. वाडीत मात्र पाय टाकायचा नाय. वाटेत झाड असलं तर वरून उडी मारून जा. पंचनामा करणारे आले की जाईबाईंना बरोबर घेऊन उभा राहा, आणि प्रत्येक झाडाचा फोटो काढ, पडलंय तसा. समजलं?”

विनीतने मान हलवली. टेम्पो निघाला तेव्हा गाऱ्हाणं घालायचं राहूनच गेलं होतं.

“डबा घे वैनी,” जयवंत म्हणाला. “दादाकडे जाऊ.”

“आता नको. टाके ओले आहेत अजून. डॉक्टर म्हणाले, मनाला त्रास…”

“आत्ताच. ती शाल मला आणखी एक दिवस अंगावर नको.”

लालबागहून परळपर्यंत ती दोघं पुलाखालून चालत गेली. एरवी जयवंत वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी दोन शब्द बोलायचा, आज मान खाली घालून चालत होता. मधेच न विचारता त्याने डब्याची पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. कमलला तेवढ्यानेही रडू आलं. दगडू काय म्हणेल? पुन्हा ‘बरं’ म्हणेल का? एकदा ऐकलेलं ते ‘बरं’ तिने इतकी वर्षं पेललं होतं. दुसरं पेलायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

वॉर्डात भेटीची वेळ सुरू झाली होती. दगडू उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, डोळे दाराकडे. “उशीर झाला आज,” तो भावाला म्हणाला. कमलकडे त्याने बघून मान हलवली, रोजच्यासारखी.

जयवंताने पिशवी खाली ठेवली आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून दादाचे पाय दोन्ही हातांनी धरले.

“अरे, काय हे? खुब्याला लागेल.”

“दादा, परवा वादळ झालं. पोफळी पडल्या.” दगडूने पलंगाची दांडी पकडली. “आणि त्याहून मोठं सांगायचंय. मागची वाडी वैनीने नाही तोडायला लावली. ती काय बोलायच्या आधीच मी करवत सुरू केली. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नाही. ती तुझ्याशी खोटं बोलली, माझ्याशीही बोलली, आपण दोघं तुटू नये म्हणून. मी सत्कार घेतला, दादा… तिने शिक्षा घेतली.”

“सगळं तसं नाही,” कमल घाईघाईने म्हणाली. “मला ठाऊक होतं आणि मी…”

“तू थांब वैनी. आज मला बोलू दे.”

शेजारच्या पलंगावरचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला. नर्स आली, तिघांकडे पाहिलं, सलाइन तपासून निघून गेली. दगडू कितीतरी वेळ चादरीची कड बोटांनी मुडपत राहिला. मग त्याने भावाच्या डोक्यावर हात ठेवला, तिथेच ठेवला, आणि बघितलं मात्र बायकोकडे.

“का गं?”

“तुम्ही दोघं भाऊ दुरावला असता…” कमल कशीबशी म्हणाली.

“आणि आपण?”

दोन भावांचं तिने बघितलं होतं, दिराचं, जावेचं, मेलेल्या सासऱ्याच्या जमिनीचं बघितलं होतं. आपण दोघं, हे तिच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. ती तोंडात पदर कोंबून उभी राहिली.

“मला वाटलं,” दगडू सावकाश म्हणाला, एकेक शब्द जड पडत होता, “एवढं मोठं केलंस आणि मला दवाखान्यात येऊन विचारलं पण नाहीस. तालुका काय लांब होता? मग मनाशी म्हटलं, तू मला विचारत नाहीस ना, मी पण तुला विचारणार नाही. बस. लहान पोरासारखा हट्ट धरला गं मी. तू रोज समोर बसायचीस, मी काही विचारीन म्हणून बघायचीस… मला दिसायचं ते. दिसत असून मी…” त्या मुक्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरलं, आणि त्याने ते पुसलंही नाही. “काय हट्टी माणसाशी संसार केलास तू, कमल.”

तिने त्याचा हात हातात घेतला. रापलेला, खरबरीत हात. आज तो तिच्या हातात निमूट पडून राहिला.

जयवंताने नाक शिंकरलं, उगाच खिडकी उघडली, पुन्हा लावली. दगडू छताकडे बघत होता. त्याच्या मनात आता ती आडवी वाडी उभी असणार हे कमलला कळत होतं.

“माड?” त्याने विचारलं.

“जाईबाई पोफळीच म्हणाल्या,” कमल म्हणाली. “माडांचं काय बोलल्या नाहीत. उभे असतील.”

“सुपारी धरली होती यंदा.”

“हो.”

“हं.” मग त्याने उशीवरची मान तिच्याकडे वळवायचा प्रयत्न केला, खुबा दुखला, तोंड वाकडं झालं, तरी वळवली. “पोफळ धरायला पुन्हा तेवढीच वर्षं जातील. तोवर माझे हात-पाय चालतायत की नाही… परत पोफळच लावायची, की माडांच्या सावलीत जायफळ घालून बघायचं?” आणि तो थांबला. शब्दांची सवय मोडली होती, ते शोधावे लागले. “कमल… तुला काय वाटतं?”

कमलने डबा उघडला होता, तो तसाच हातात राहिला. किती रात्री तिने या प्रश्नाची उत्तरं तयार करून ठेवली होती, इथे रोप लाव, तिथे नको, सुपारी थांबून विका… आता एकही आठवेना.

“आधी पंचनामा होऊ दे,” ती म्हणाली.

जयवंत रडता रडता हसला. दगडूही हसला, दुखतंय म्हणत हसला. तिने दोघांपुढे भाकऱ्या ठेवल्या आणि सकाळची ती करपलेली, सवयीने आपल्याकडे ओढली. दगडूने हात लांब करून ती तिच्यापुढून उचलली, मोडली, अर्धी धाकट्या भावाच्या हातावर ठेवली आणि अर्धी स्वतः खायला लागला.